सुपारीचं रुखवत

मला एका जागी बसता येत नाही. लोक म्हणतात, निवृत्त माणसानं निवांत बसावं, पेपर वाचावा, चार जणांना फोन करावेत. मी पेपर उभ्यानं वाचतो. चहा ओट्याशी उभा राहून पितो. जेवतानासुद्धा मध्येच उठून गॅस बंद आहे ना ते पाहून येतो, आणि परत आल्यावर कुठली भाजी खात होतो ते ताटात बघून ठरवतो.

बायको गेल्यापासून हे असं झालं, असं लिहिणार होतो, पण ती असती तर तिनं लगेच टोकलं असतं. चुळबुळ्या मी आधीपासूनच. फक्त तेव्हा चुळबुळ करायला वाळूजचा कारखाना होता. टूलरूममध्ये उभा जन्म गेला. डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, घासायची, मोजायची, परत घासायची. पत्र्यावर नुसतं बोट फिरवून कुठं उंचवटा राहिलाय ते मी सांगायचो, आणि मोजमाप नंतर यायचं. मग ती गेली, काही महिन्यांत नोकरीही संपली, आणि गारखेड्यातल्या त्या घरात मी आणि माझे दोन हात उरलो. दोघांनाही काय करावं ते कळेना.

ती गेली तेव्हा मी रडलो नाही. गल्ली म्हणाली, काय धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा. मला काही वाटतच नव्हतं. तिची आठवण रोज यायची, पण घरातलं मीठ संपलंय हे आठवावं तशी. मीठ संपलंय, बायको गेलीय, नळाला उद्या पाणी येणार आहे. चहा इतका गरम असायचा की टाळूची साल निघायची, आणि ते मला संध्याकाळी कळायचं. डॉक्टरांनी साखर पाहिली, नसा पाहिल्या, सगळं ठीक निघालं. 'मन रमवा' म्हणाले. मी त्यांच्यावर भडकलो. राग तेवढा माझा शाबूत होता. त्याला ना साखर लागत होती, ना मीठ.

अशात मुलीचं लग्न ठरलं. मुलगी पुण्याला नोकरी करते. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिनंच पाहिलेला, नाशिककडचा. मुलगा सरळ होता, माणसं चांगली होती. मी हो म्हणालो. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि हो म्हणण्यासारखंही मला काही जाणवलं नव्हतं.

बोलणी पक्की झाली तसे दादा आणि वहिनी वैजापूरहून आले. दादा माझा थोरला भाऊ. शेती त्यानं सांभाळली, मला शिकवलं, आणि आमच्या घरात अजूनही शेवटचा शब्द त्याचाच. उंचीला सहा फूट, वहिनी त्याच्या खांद्याच्याही खाली. दोघांनी कांद्याचं पोतं दारात ठेवलं, हातपाय धुतले, आणि बसल्या बसल्या दादानं सगळं लावून टाकलं. हॉल कुठला, आचारी कुठला, मानपान कुणाचा. मी खोलीत येरझाऱ्या घालत 'बरं' म्हणत होतो.

"आन कन्यादानाला आम्ही दोघं बसतो," दादा म्हणाला. "ते जोडीनंच करावं लागतं. तू नको जिवाला घोर लावून घेऊ."

वहिनी पदरानं चष्मा पुसत होत्या. त्यांना दोन मुलगे. "देवानं मला पोरगी नाय दिली, भावजी," त्या म्हणाल्या. "हिच्या हातावर माझ्या हातानं पाणी पडलं, की मी मोकळी."

"बरं," मी म्हणालो.

पुण्याहून आलेली मुलगी तिथंच लॅपटॉप उघडून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग परत लॅपटॉपकडे. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी गाठायला मी तिला स्कूटरवरून सोडत होतो. सेव्हन हिलच्या सिग्नलला थांबलो तर मागून म्हणाली, "बाबा, तुम्हाला चालेल ना? मोठे बाबा बसणार ते?"

"न चालायला काय झालं?"

तिनं खांद्यावरची बॅग सावरली. मग म्हणाली, "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, मी निघालो, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे बरंच झालं. कारण खरं उत्तर 'नाही' असं होतं. पोरगी माझ्या घरातून जाणार होती, आणि जाताना बापाला काही वाटलं नाही एवढं सोबत घेऊन जाणार होती. तिचं म्हणणं मला खोटं पाडायचं होतं. पण ते खोटं नव्हतं, आणि खोटंच वाटल्यासारखं करायचं तर मला नाटकं येत नाहीत. बायकोच्या भाषेत सांगायचं तर मला खोटं हसतानासुद्धा घाम येतो.

त्यानंतरचे दिवस मी नुसता फिरत होतो. सकाळी क्रांती चौक, दुपारी शहागंज, काम काही नाही. पत्रिका छापायला टाकायची तर तीन दुकानं हिंडून चौथ्यात टाकली. घरी आलो की घर खायला उठायचं, बाहेर गेलो की घरी जावंसं वाटायचं.

रुखवताचा विषय वहिनींनी फोनवर काढला. "भावजी, रुखवताची चिंता सोडा. तिथं औरंगपुऱ्याकडं भाड्यानं मिळतंय. सगळं तयार असतंय, जातं, उखळ, वरात, सप्तपदी. लग्न झालं की वापस द्यायचं."

"आणि नाव?"

"नाव काय, थर्माकोलवर चिकटवत्यात."

म्हणजे कालच्या पोरीचं नाव खरवडायचं आणि तिथं माझ्या पोरीचं चिकटवायचं. माझं डोकंच सणकलं. "भाड्याचं रुखवत माझ्या पोरीच्या लग्नात येणार नाही," मी म्हणालो. "मी करतो."

पलीकडे मग वहिनी हसल्या. दादाला सांगताना ऐकू आलं, "अवो, भावजी रुखवत करणारेत." दादाचंही हसणं ऐकू आलं.

एक गोष्ट सांगून टाकतो. बायको असती तर तिनं स्वतःच भाड्यानं आणलं असतं. तिला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. तिच्या ब्लाउजचे हूक मी लावून द्यायचो. तेव्हा तिची आठवण म्हणून, तिच्या हौसेपायी, असलं काही माझ्या मनात नव्हतं. राग आला आणि बोलून बसलो, एवढंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण शब्द गेला होता, आणि हात नाहीतरी रिकामे होते.

आमच्याकडे रुखवतात सुपारीची माणसं करतात. मोठी सुपारी उभी ठेवायची, तिच्यावर लहान सुपारी चिकटवायची, डोळे-नाक काढायचं, कापडाच्या चिंध्यांनी सजवायचं, की झाला माणूस. बँडवाले, वरात, पंगत, सगळं त्यातच. गुलमंडीवर जाऊन मी सुपाऱ्या घेतल्या. दुकानदाराच्या काउंटरवर एकेक लोळवून बघितली, कुठली सरळ जाते, कुठली वाकडी. तो वैतागला. "पूजेला पाहिजे का खायला?" म्हणाला. "बँड लावायला," मी म्हणालो. 

घरी येऊन मी टूलरूम मांडली. व्हाइस, ड्रिल, व्हर्निअर. जोड पक्का बसावा म्हणून दोन्ही सुपाऱ्यांना भोक पाडून मध्ये खिळा घालायचा असा माझा बेत होता. सुपारी व्हाइसमध्ये धरली की सटकायची आणि कपाटाखाली जायची. घट्ट आवळली की फुटायची. सकाळभर मी सुपाऱ्या फोडल्या. अडकित्त्यानं याहून नीट फुटल्या असत्या.

भिंतीपलीकडून आपांनी आवाज दिला. आपा म्हणजे आमच्या शेजारच्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. बायकोची आणि त्यांची कंपाउंडच्या भिंतीवरून रोजची बैठक असायची.

"क्या कररे भाईसाब? घर तोडरे क्या?"

मी सांगितलं. त्या भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या, माझ्या हातातली ड्रिल पाहिली, आणि इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली.

"सुपारी है वो, बेअरिंग नक्को समझो. हातानं करा की हो. मशिनीला काय कळतंय." मग आत जाऊन गोटा-किनारीचे, जरीचे, साटिनचे तुकडे भरलेली पिशवी घेऊन आल्या. त्यांच्या तीन मुलींच्या लग्नांतलं उरलेलं. "वापस नक्को करना," म्हणाल्या.

ड्रिल ठेवून दिली आणि हातानं करायला घेतलं. चिकटवलं की पडायचं. पकडून बसायला लागायचं, आणि बसायचं तर मला येत नाही. मग मी सुपारी हातात धरून घरभर चालायचो, डिंक वाळेपर्यंत. नळाला पाणी आलं की टाकी भरता भरता एका हातात बँडवाला. पहिला बँडवाला इतका भेसूर झाला की तो ढोल वाजवतोय की पोट दाबून धरतोय ते कळत नव्हतं. दुसरा बरा झाला. तिसऱ्याला मी मिशा दिल्या. बोटांवर फेव्हिकॉलची साल चढायची, ती मी सोलत बसायचो, आणि सोलताना खालची कातडी जरा चुरचुरायची. चुरचुरतंय, हे माझ्या लक्षात आलं. खूप दिवसांत अंगाचं काही लक्षात आलं नव्हतं. मी दुसऱ्या बोटाची साल सोलून पाहिली. तीही चुरचुरली.

अडलं ते बायकांपाशी. पुरुषांना पट्टी गुंडाळली की धोतर, पण बाईला साडी हवी, आणि साडीला निऱ्या. करंगळीएवढ्या उंचीच्या बाईच्या निऱ्या. मी साटिन घडी घालून चिकटवलं, तर घोंगडं पांघरल्यासारखी दिसली. गोटा वापरला, तर ताठ उभा राहिला. चिडून मी दोन बायका पार उकलून टाकल्या. आपा म्हणाल्या, पातळ घ्या, पाण्यात भिजवून घ्या. मी पिशवीतून एक झिरझिरीत तुकडा काढला, कांद्याच्या सालीच्या रंगाचा. भिजवला, पिळला, चिमटीत धरून एकावर एक पट्ट्या घातल्या. वरून नीट बसल्या. खालून मात्र विस्कटल्या. तेव्हा मी न ठरवताच बाई टेबलाच्या कडेला ठेवली, खाली उकिडवा बसलो, आणि दोन बोटांनी निऱ्या खालून ओढून सरळ केल्या.

आणि तिथंच थांबलो.

हे मला येत होतं. कुठल्याही लग्नाला निघायचं म्हटलं की बायको आरशासमोर उभी राहायची आणि हाक मारायची, "अहो, निऱ्या धरा." मी हातातलं टाकून तिच्यापुढे उकिडवा बसायचो आणि एकेक निरी खालून ओढून द्यायचो. वरून ती सूचना करायची. "ती नको, ती मधली. अहो मधली." कधी साडी खळीनं कडक असायची, कधी रेशीम बोटातून निसटायचं, साडीला कपाटातल्या कापराचा वास असायचा, आणि तिच्या पायाची बोटं माझ्या डोळ्यांसमोर हलत असायची, कारण उशीर झालेला असायचा आणि तिलाही धीर नसायचा. 'झालं का?' 'झालं.' 'नीट बघा.' ती गेल्यापासून मी हे कधी आठवलं नव्हतं. आता मी आठवलं नाही, हातानं केलं, आणि ती तिथं उभी होती.

मला तिची आठवण आली. मिठासारखी नाही.  मला ती हवी होती, आत्ता, त्या खोलीत, ओरडणारी. ते इतकं अचानक झालं की मी घाबरलो. सुपारी टेबलावर टाकली, चप्पल घातली, स्कूटर काढली आणि निघालो. कुठं ते ठरवलं नव्हतं. पैठण रोडला लागलो. बिडकीन गेलं, ढोरकीन गेलं, धरणापर्यंत गेलो आणि पाणी न बघताच परत फिरलो. डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, ते मी वाऱ्यावर ढकललं. बिडकीनला चहाला थांबलो. चहाचा पहिला घोट घेतला आणि जीभ पोळली. तिथल्या तिथं, सणसणून. मी शिवी हासडली. चहावाला म्हणाला, "गरम हाये काका, सांगितलं की." सांगितलं असेल. मी दुसरा चहा मागवला.

त्यानंतर मी बरा झालो असं कुणाला वाटेल. छे. उलट सगळं बिघडलं. आधी मला काही वाटत नव्हतं, आता कशाचंही वाटायला लागलं. भाजीवाल्या बाईनं 'काकू दिसत नाहीत हल्ली' म्हटलं आणि मी दोडके तिथंच ठेवून पळालो. शेजारच्या फोडणीचा वास आला तरी खिडकी लावून घ्यायचो. उठून फिरायचो, पण फिरून थांबायचं नाही. थांबायचं ते सुपारी हातात घेतल्यावर, तेही अर्धवट. मी बायका करत सुटलो. पंगतीतल्या, जात्यावरच्या, कळशी घेतलेल्या. सगळ्यांच्या निऱ्या खालून ओढल्या.

सगळ्यात शेवटी कन्यादान केलं. पाटावर नवरा-नवरी, समोर मुलीकडची जोडी. माझ्या डोक्यात दादा आणि वहिनीच होते, शपथेवर सांगतो. पुरुषाला फेटा बांधला, बाईला कांद्याच्या सालीच्या रंगाची साडी नेसवली आणि बाजूला ठेवून दिलं.

लग्नाला थोडे दिवस राहिले तेव्हा दादा-वहिनी परत आले. मुलगीही सुट्टी घेऊन आलेली. मी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. मुलगी एकेक उचलून बघत होती, मिशावाल्या बँडवाल्यावर हसत होती. वहिनी तर हरखल्याच. "भावजी, तुमच्या हातात हे होतं तर इतके दिवस कुठं ठेवलं होतं?" म्हणाल्या. दादानंसुद्धा मान हलवली. मग वहिनी कन्यादानापाशी आल्या आणि त्यांचा हात मागे आला.

"ही कोण?"

"ही म्हणजे? तुम्ही. तुम्ही आणि दादा."

 मी नीट पाहिलं. फेटेवाला बुटका होता, आणि शेजारची बाई त्याच्याहून डोकंभर उंच.

आमचं लग्न झालं तेव्हापासून हा थट्टेचा विषय. बायको माझ्याहून चार बोटं उंच. फोटोत मला पायरीवर उभं करायचे. दादा-वहिनींची जोडी याच्या बरोब्बर उलट. मी सुपाऱ्या निवडताना हातानंच निवडल्या होत्या, एवढी मोठी ती आणि एवढा लहान मी, आणि मला कळलंही नव्हतं.

"ही माझी जाऊ हाये," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला. "भावजी, गेलेल्या माणसाला मंगलकार्यात मांडून ठेवत्यात व्हय? पोरीच्या संसाराचा तरी इचार करा."

"काढ ते," दादा म्हणाला. "आत्ताच काढ."

मी ती जोडी उचलली. उचलून आत ठेवणारच होतो. दादाचं ऐकायची सवय हाडात मुरलेली. पण हातात घेतल्यावर मला ती खाली ठेवता येईना. तोंडातून निघालं, "कन्यादानाला मी बसणार."

"काय?"

"मी बसणार, दादा. ती माझी पोरगी आहे. तुम्ही नाही बसायचं."

इतकं वाईट पद्धतीनं ते बोललो. जरा गोड बोलता आलं असतं, पण मला गोड बोलायला वेळ लागतो आणि वेळ नव्हता. दादाचा चेहरा उतरला. "तू शब्द दिला व्हता," तो म्हणाला. "एकट्याला बसता येत नाय, आन शब्द दिला व्हता." त्यानं चहाचा कप तसाच ठेवला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. आत भांडी उगाचच वाजत होती.

मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. "बाबा, खरंच?" तिनं हळूच विचारलं.

"खरंच म्हणजे काय? मी काय थट्टा करतोय?" मी खेकसलो. ती रडायला लागली, आणि रडता रडता हसली, आणि मला एकाच वेळी दादाचं तोंड आठवून लाज वाटत होती आणि तिचं तोंड बघून आनंद होत होता. ही असली खिचडी सोसायची सवय मोडली होती माझी. मी परत येरझाऱ्या घालायला लागलो.

बऱ्याच वेळानं वहिनी बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते. "कमरेला सुपारी लावून बसता येतंय," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "बायको नसली की तिच्या जागी सुपारी. माझे मामा बसले व्हते तसे, माझ्या मामेबहिणीच्या लग्नात." मग टेबलाकडे बोट केलं. "पण ही जोडी हॉलात मांडायची नाय. तेवढं माझं ऐका."

मी ऐकलं. मुलीनं ती जोडी तिच्या पुण्याच्या बॅगेत ठेवली.

दादानं मात्र जाताना निरोप घेतला नाही. नंतर फोन नाही. मी केला की वहिनी उचलायच्या, 'ते शेताकडं गेलेत' म्हणायच्या. तो लग्नाला आला नाही तर? मी घरातून गेटपर्यंत आणि गेटपासून घरापर्यंत चालत हाच विचार करायचो. आधी निदान झोप लागायची, काही वाटत नव्हतं तेव्हा. शेवटी एका सकाळी मी वैजापूरला गेलो. दादा बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीशी उभा होता. माझ्याकडे पाहिलं आणि परत कांद्याकडे.

"धार वहिनींनी धरायची," मी म्हणालो. "पाणी त्यांच्याच हातानं पडलं पाहिजे. सुपारीला काही तांब्या धरता येत नाही."

"आन मी काय करू?"

"तू माझ्या शेजारी उभा राहा."

"उभं राहायला बलावतो व्हय मला?" त्यानं एक कांदा उचलला, दाबून पाहिला, परत टाकला. "येईन. पोरगी माझी बी हाये."

लग्न बीड बायपासच्या एका कार्यालयात झालं. रुखवतापुढे गर्दी होती. 'कुठून आणलं?' असं बायका विचारत होत्या आणि आपा ठणकावून सांगत होत्या, "बापानं केलंय, बापानं." मला तिथं थांबता आलं नाही. आचाऱ्याकडे गेलो, मंडपात आलो, परत आचाऱ्याकडे. त्यानं शेवटी हात जोडले.

मग गुरुजींनी बोलावलं. पाटावर बसवलं, धोतराच्या निरीत एक साधी सुपारी खोचली. "आता हलायचं नाही," म्हणाले. सुपारी टोचत होती. गुडघा उडत होता, तो मी हातानं दाबून धरला. समोर मुलगी बसली. खाली काशाची परात, तिच्यावर जावयाची ओंजळ, तिच्यावर मुलीची, वर माझे हात. वहिनींनी तांब्या कलता केला.

पाणी गार होतं. ते माझ्या बोटांमधून तिच्या बोटांवर गेलं. तिचे हात गरम होते, ओल्या मेंदीचा वास होता, आणि तर्जनीच्या नखाशी लहानपणी दार लागून झालेला वण तसाच होता. धार हलत होती, पण तुटली नाही. मंत्र संपले. तिचा उजवा हात मी माझ्या हातात घेतला, जावयाच्या हातात द्यायचा म्हणून. त्यानं हात पुढे केला होता. मला सगळं कळत होतं.

"बाबा," मुलगी कुजबुजली. "दुखतंय."

"द्या आता," गुरुजी म्हणाले. मग परत म्हणाले, "काका, द्या. मुहूर्ताला उशीर होतो."

मी सोडायला गेलो आणि हात सुटेना. बोटं माझी होती, पण ऐकत नव्हती. मुलीचे डोळे भरून आले होते आणि ती हात ओढून घेत नव्हती.  मग शेजारी उभा असलेला दादा खाली वाकला. त्यानं माझा हात त्याच्या राठ हातात घेतला, आणि करंगळीपासून सुरुवात करून माझं एकेक बोट उघडलं.